मिंग सम्राटांनी चीनचं दार खरंच बंद केलं होतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतलेत, ते आधी सुटे करते. पहिला: मिंग दरबाराचा आरमारप्रमुख झेंग हे याच्या समुद्रसफरी 1433 मध्ये थांबल्या, जहाजं जाळली गेली, समुद्रबंदी आली आणि चीन जगापासून तुटला, असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरं का? दुसरा: तसं झालं नसतं तर पोर्तुगीजांना गोवा घेता आला असता का? तिसरा तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो: अशा गोष्टी कितपत खऱ्या, हे ठरवायचं कसं?

मी पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्खननांत निघणाऱ्या खापरांवर काम करते, त्यातही बाहेरदेशाहून आलेल्या. चिनी खापर हातात आलं की ते कुठल्या भट्टीतलं, साधारण कुठल्या काळातलं आणि कुठल्या मार्गानं इथवर पोचलं असेल, हे लावत बसणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे माझं उत्तर दरबाराच्या बाजूनं कमी आणि मालाच्या बाजूनं जास्त येईल. चिनी कागदपत्रं मी भाषांतरांतून वाचते, हेही लक्षात असू द्या.

सफरी थांबल्या हे खरं. समुद्रबंदी होती हेही खरं. पण सफरी थांबल्या म्हणून बंदी आली, हे खरं नाही. बंदी सफरींच्या आधीपासून होती आणि सफरी ऐन भरात असतानाही होती. एवढा क्रम नीट लावला तरी गोष्ट बरीच बदलते.

मिंग घराण्याची स्थापना 1368 ची. संस्थापक होंगवू गरीब शेतकऱ्याच्या घरातला, गादीवर येण्याआधी बरीच वर्षं प्रतिस्पर्ध्यांशी लढलेला. त्यातले काही प्रतिस्पर्धी किनाऱ्यावर बळ धरून होते, त्यांची माणसं बेटांवर पांगली होती, आणि जपानकडून येणाऱ्या चाच्यांचा त्रास होताच. गादीवर आल्यावर काही वर्षांतच त्यानं खासगी लोकांना समुद्रापार व्यापाराला जायची मनाई केली. परदेशी माल हवाच, पण तो नजराणा घेऊन येणाऱ्या वकिलातींमार्फत: परदेशी राजानं दूत पाठवायचा, दरबारात भेटी द्यायच्या, बदल्यात त्याहून भारी भेटी न्यायच्या, आणि सोबत आलेल्या व्यापाऱ्यांनी ठरलेल्या बंदरात सरकारी देखरेखीखाली विक्री करायची. म्हणजे व्यापार बंद नव्हता. तो सरकारजमा होता.

होंगवूचा मुलगा योंगलो 1402 मध्ये सख्ख्या पुतण्याला हटवून सम्राट झाला. त्यानं वडिलांची बंदी उठवली नाही, उलट पुन्हा बजावली. आणि याच योंगलोनं 1405 मध्ये झेंग हेला पहिल्या सफरीवर धाडलं. हे दोन निर्णय एकाच माणसाचे, एकाच काळातले. ते परस्परविरोधी वाटतात ते आपण दार उघडं की बंद एवढंच मोजत असतो म्हणून. योंगलोच्या डोक्यात ते एकच धोरण होतं: समुद्रावर जायचं ते सम्राटाच्या माणसांनी, सम्राटाच्या नावानं.

झेंग हे हा युन्नानमधल्या मुसलमान घरातला मुलगा. मिंग फौजांनी तो प्रांत घेतला तेव्हा लहान वयात पकडला गेला, त्याचं खच्चीकरण झालं आणि तो पुढे योंगलो होणाऱ्या राजपुत्राच्या पदरी वाढला. त्याच्या पहिल्या सफरीवर 27,000 हून जास्त माणसं होती. 1405 ते 1433 या काळात सात सफरी झाल्या. पहिल्या तीन कालिकतपर्यंत, नंतरच्या होर्मुझ, एडन आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत. सगळ्यात मोठ्या जहाजांची लांबी ‘मिंग इतिहास’ या दरबारी ग्रंथात 44 झांग, म्हणजे 120 मीटरच्या वर दिली आहे. लाकडी जहाज एवढं मोठं होऊ शकतं का यावर जहाजबांधणीच्या जाणकारांत वाद आहे, आणि माझा कल आकडा फुगवलेला असावा याच बाजूला आहे. तुमच्या प्रश्नासाठी मात्र त्या लांबीनं काही अडत नाही.

कालिकतचं जे वर्णन मा ह्वान यानं करून ठेवलंय ते मला फार आवडतं. हाही मुसलमान होता आणि दुभाष्या म्हणून आरमारासोबत गेला होता. तो लिहितो की चिनी आरमार आलं की सामुरीचे, म्हणजे कालिकतच्या राजाचे, अधिकारी आणि दलाल जहाजांवरचं रेशीम आणि इतर माल एकेक करून पाहतात, भाव ठरवतात, आणि ठरलेल्या दिवशी सगळे एकमेकांचे हात हातात घेतात. आता भाव ठरला, तो चढा असो की उतरता, कुणी मागे फिरायचं नाही, असं दलाल जाहीर करतो. मग इकडचे सावकार मोती, पोवळी, रत्नं घेऊन येतात आणि त्यांचे भाव ठरायला महिना, दोन महिने, तीन महिनेसुद्धा लागतात. हिशेबाला चिनी लोकांसारखी मण्यांची चौकट नाही, हातापायांची वीस बोटं पुरतात आणि तरी चूक होत नाही, याचं त्याला मोठं नवल वाटलेलं दिसतं. सम्राटाचं आरमार म्हटलं तरी मलबारात उतरल्यावर त्याला मलबारच्या दलालाच्या गतीनं चालावं लागत होतं, हे या वर्णनात स्वच्छ दिसतं.

याच सफरींतला एक शिलालेख श्रीलंकेत गॉल इथे 1911 मध्ये सापडला, आता तो कोलंबोच्या संग्रहालयात आहे. त्यावर 1409 चं साल आहे आणि मजकूर तीन भाषांत आहे. चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळ मजकुरात तिथल्या विष्णुरूप देवाला आणि फारसी मजकुरात अल्लाला सम्राटाकडून दिलेल्या भेटी नोंदल्या आहेत. हा लेख वाचून बरेच जण झेंग हेला निव्वळ शांतिदूत ठरवतात. तेही सोडून द्या. याच सफरींच्या काळात त्यानं श्रीलंकेतल्या एका सत्ताधीशाला लढाईत पकडून चीनला नेलं, आणि त्याआधी सुमात्राच्या पालेंबांगमधल्या एका चिनी चाच्यांच्या म्होरक्याला पकडून नानजिंगला नेलं, तिथे त्याचा शिरच्छेद झाला. भेटी होत्या, आणि मागे फौजही होती.

मग हे सगळं थांबलं का? एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण योंगलोच्या तिजोरीला एकाच वेळी चार बाजूंनी गळती लागली होती. बीजिंगला नवी राजधानी उभी राहत होती (1421 मध्ये ती अधिकृत झाली). सम्राट स्वतः मंगोलांवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या करत होता. 1407 मध्ये घेतलेला व्हिएतनाम सांभाळताना फौज झिजत होती, अखेर 1427 मध्ये तो सोडावा लागला. आणि दक्षिणेचं धान्य उत्तरेला नेणारा मोठा कालवा नव्यानं खोदून वाहता केला होता. हे शेवटचं काम बहुतेक गोष्टींत गाळलं जातं, पण मला ते फार वजनाचं वाटतं. कालवा चालू झाल्यावर 1415 पासून राजधानीचं धान्य समुद्रानं न्यायची गरजच संपली. समुद्रावर चालणारं आरमार, गोद्या, खलाशी यांना रोजचं काम देणारी गोष्ट गेली. राहिल्या त्या फक्त दिमाखाच्या सफरी.

त्या सफरींतून काय यायचं? जिराफ आला, तो शुभशकुनी प्राणी म्हणून दरबारात मिरवला गेला. मिरी मात्र इतकी आली की अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या पगाराचा काही भाग मिरी आणि पतंग नावाच्या रंगाच्या लाकडात दिला जाऊ लागला. पगार म्हणून मिरी घेणाऱ्या कारकुनाला या सफरींबद्दल काय वाटत असेल, याचा विचार करा. मुलकी अधिकाऱ्यांचा सफरींना विरोध होता तो निव्वळ कूपमंडूक वृत्तीतून नव्हता. खर्च त्यांच्या खात्यातून जात होता आणि मान झेंग हेसारख्या खच्ची केलेल्या दरबारी सेवकांच्या गटाला मिळत होता. योंगलो 1424 मध्ये वारल्यावर त्याच्या मुलानं सफरी थांबवल्या. नातवानं 1431 मध्ये शेवटची एक काढली. 1449 मध्ये तर मिंग सम्राटालाच मंगोलांनी तुमूच्या लढाईत कैद केलं, त्यानंतर दरबाराची नजर उत्तर सरहद्दीवर खिळली. जहाजं कुणी एका हुकमानं जाळली नाहीत. डागडुजी थांबली, ती कुजत गेली, आणि सुतार-कारागीर कालव्यातल्या धान्याच्या होड्यांकडे वळवले गेले. सगळ्या नोंदी नष्ट केल्या हेही तितकंसं खरं नाही. मा ह्वान, फेई शिन आणि गोंग झेन या तिघांची वर्णनं आजही आहेत, आणि झेंग हेच्या मार्गांचा नकाशा 17व्या शतकातल्या एका लष्करी ग्रंथात छापलेला आहे.

आता मी माझ्या खापरांकडे येते, कारण इथेच गोष्टीची परीक्षा होते. बंदी खरोखर लागू पडत होती का? कायदा होता एवढ्यावरून ते ठरत नाही. माल बघावा लागतो.

आग्नेय आशियातल्या समुद्रात बुडालेली जहाजं गेल्या काही दशकांत बरीच सापडली. त्यांतला माल काळानुसार लावला तर 14व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे शंभर वर्षं चिनी भांड्यांचा वाटा एकदम घसरतो. त्यांची जागा थायलंड आणि व्हिएतनामची भांडी घेतात. व्हिएतनामच्या होई आनजवळ बुडालेल्या 15व्या शतकातल्या एका जहाजातून अडीच लाखांच्या आसपास व्हिएतनामी भांडी निघाली. चिनी माल मिळत असता तर एवढी मागणी व्हिएतनामच्या भट्ट्यांकडे गेली नसती. म्हणजे बंदी चावत होती, हे मला मान्य करावं लागतं. पण ही टंचाई सुरू होते ती झेंग हेच्या आधी, आणि त्याच्या सातही सफरी या टंचाईच्या पोटातच येतात. ज्या काळाला आपण चीनचा खुलेपणाचा काळ म्हणतो, त्याच काळात सामान्य चिनी कुंभाराचा माल बाहेर पडणं सगळ्यात अवघड होतं. आणि टंचाई ओसरते ती 15व्या शतकाच्या शेवटी, जेव्हा ना आरमार होतं, ना बंदी कागदोपत्री उठली होती.

बंदी असताना माल कसा निघाला? चोरून. फुजियान हा डोंगराळ प्रांत, भातजमीन थोडी, तोंड समुद्राकडे. तिथल्या माणसाला समुद्राशिवाय पोट भरणं कठीण. जहाज बांधायला पैसा लावणारे सावकार आणि जमीनदार घराण्यांतली माणसंच त्यात होती. दरबारानं झू वान नावाचा कडक अधिकारी पाठवला, त्यानं 1548 मध्ये शुआंगयू बेटावरचा चोरट्या व्यापाराचा मोठा तळ उद्ध्वस्त केला. पण किनाऱ्यावरच्या वजनदार घराण्यांनी त्याच्याविरुद्ध इतकी तक्रार लावली की त्याचं पद गेलं, चौकशी लागली आणि 1550 मध्ये त्यानं आत्महत्या केली. तळ मोडला, त्यावर जगणारी माणसं कुठे जाणार? 1550 च्या दशकात चाचेगिरीचा आगडोंब उसळला. त्यांना ‘जपानी चाचे’ म्हणत, पण त्यांत चिनी माणसंच जास्त होती. अखेर 1567 मध्ये नव्या सम्राटाच्या काळात फुजियानमधल्या युएगांग या बंदरातून परवाना घेऊन परदेशी जायची मुभा मिळाली. जपान तेवढा वगळला होता.

मला विचाराल तर चिनी इतिहासातलं जगाशी संपर्काचं निर्णायक साल 1405 नव्हे, 1433 ही नव्हे, ते 1567 आहे. चारच वर्षांनी, 1571 मध्ये, स्पॅनिश लोकांनी मनिला ठाणं केलं. अमेरिकेतल्या खाणींची चांदी मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला येऊ लागली, आणि फुजियानची जहाजं रेशीम आणि भांडी भरून मनिलाला जाऊ लागली. जपानची चांदी पोर्तुगीजांमार्फत चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मकावला येत होती. चीनमध्ये चांदीचा भाव सोन्याच्या तुलनेत युरोपच्या जवळपास दुप्पट होता, त्यामुळे ती तिकडेच ओढली जायची. याच सुमारास मिंग दरबारानं नाना प्रकारचे कर आणि वेठ एकत्र करून ते चांदीत घ्यायची पद्धत देशभर लावली. मिरची, मका, रताळं, भुईमूग, तंबाखू हे सगळं त्याच शतकात चीनमध्ये पोचलं. 1590 च्या दशकात फुजियानमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या सुभेदारानं रताळ्याची लागवड करवली. झेंग हेच्या जिराफानं कुणाचं ताट बदललं नाही. परवान्यावर गेलेल्या आणि चोरून गेलेल्या जहाजांनी ते बदललं.

हे हातात धरून कसं दिसतं तेही सांगते. समजा निळ्या-पांढऱ्या भांड्याच्या बुडाचा एक तुकडा आलाय. मी आधी नक्षी बघत नाही, पालथा करते. तळाची गोल कड नीट घासून साफ केलेली, माती पांढरीशुभ्र आणि दाणा बारीक, तळावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा: हा बहुधा जिंगदेझेनचा 16व्या शतकाच्या शेवटचा किंवा 17व्याच्या सुरुवातीचा निर्यातीचा माल. हे गाव समुद्रापासून पार आत, जियांगशी प्रांतात. तिथून नदीनं आणि डोंगराची खिंड ओलांडून माल दक्षिणेतल्या कॅन्टन (आजचं ग्वांगझोउ) बंदराला यायचा. पण कडेला जाड वाळू चिकटलेली असेल, माती करडी, झिलई घाईत ओतल्यासारखी, तर तो फुजियानच्या झांगझोउ भागातल्या भट्ट्यांचा. भांडं भट्टीत चिकटू नये म्हणून खाली वाळू पसरत, आणि एवढ्या मालापुढे ती साफ करायला वेळ कुणाला? युएगांग हे त्याच झांगझोउचं बंदर. म्हणून ती वाळू दिसली की 1567 नंतरचा उघडा बाजार दिसतो. हा माल जास्त करून आग्नेय आशिया आणि जपानकडे गेला, आपल्या किनाऱ्यावर जिंगदेझेनच्या मानानं थोडाच. आणि निळा रंग जिथे गडद तिथे काळे, लोखंडी ठिपके उमटून झिलईत खोल बसलेले असतील, तर तो तुकडा जुना, 14व्या किंवा 15व्या शतकाच्या सुरुवातीचा असू शकतो. त्यातला निळा रंग देणारा कोबाल्ट पश्चिम आशियातून आणलेला, त्यात लोह जास्त. म्हणजे ज्या भांड्याला आपण अस्सल चिनी समजतो, त्याचा रंगसुद्धा इराणच्या बाजूनं आलेला.

इथवरचं एकत्र करते. सफरी आणि बंदी ही एकाच धोरणाची दोन अंगं होती. सफरी थांबल्यानं चीनचा परदेशी व्यापार थांबला नाही, दरबाराचा समुद्रावरचा वावर थांबला. आणि खासगी व्यापार आधी चोरून, मग परवान्यानं, आरमारानं कधी गाठलं नव्हतं एवढ्या प्रमाणावर वाढला.

मात्र याचा अर्थ दार कायमच सताड उघडं होतं असाही घेऊ नका. कुठला काळ, कुठला किनारा आणि कुणासाठी, यावर उत्तर फिरतं. मिंगच्या कितीतरी आधी, थांग घराण्याच्या काळात, अरबी आणि इराणी व्यापारी कॅन्टनमध्ये वस्ती करून होते. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ बुडालेल्या 9व्या शतकातल्या अरबी बांधणीच्या जहाजातून सुमारे 60,000 भांडी निघाली, त्यांतल्या एका वाडग्यावर 826 शी जुळणारं साल कोरलेलं आहे. तरी त्याच शतकात, 878-79 च्या सुमारास, हुआंग चाओच्या बंडात कॅन्टनमधल्या परदेश्यांची कत्तल झाली. सोंग घराण्यानं बंदरांवर जकात ठेवून समुद्री व्यापारातून चांगला महसूल काढला. फुजियानमधल्या छुआनझोउ बंदरात तमिळ व्यापाऱ्यांचं देऊळ होतं, तिथला तमिळ शिलालेख 1281 चा आहे. आणि मिंगनंतर आलेल्या छिंग घराण्याच्या सुरुवातीला, 1661 नंतर, तैवानवरच्या विरोधकांना रसद मिळू नये म्हणून दक्षिण किनाऱ्यावरची गावंच्या गावं उठवून लोकांना आत हाकललं गेलं. मिंग काळातली कुठलीही बंदी एवढी निर्दय नव्हती. 1683 मध्ये तैवान हाती आल्यावर पुढच्याच वर्षी कांगशी सम्राटानं समुद्र खुला केला आणि चार प्रांतांत जकातकचेऱ्या बसवल्या.

1757 मध्ये छियानलोंग या छिंग सम्राटानं युरोपीय जहाजांना फक्त कॅन्टन बंदर ठेवलं, तेही ठरावीक चिनी अडत्यांमार्फत. ‘चीननं दार बंद केलं’ ही गोष्ट मुख्यतः इथून उगवते, कारण तिची तक्रार इंग्रजांची होती. पण त्याच काळात चिनी जहाजं बटाविया (आजचं जकार्ता), सयाम (आजचं थायलंड), मनिलाला जात होती, आणि रशियाशी उत्तरेला क्याख्ता इथे जमिनीवरून व्यापार चालू होता. एका गिऱ्हाइकाला एकच खिडकी ठेवली होती, दुकान चालूच होतं. 1752 मध्ये दक्षिण चिनी समुद्रात बुडालेल्या एका डच जहाजातून दीड लाखाच्या आसपास चिनी भांडी निघाली. या कॅन्टनच्या व्यापारात मुंबईचा हातही मोठा. कापूस आणि माळव्याची अफू मुंबईहून जायची, आणि त्यात पारशी व्यापारी आघाडीवर होते. जमशेटजी जीजीभॉय यांची पहिली चीनवारी 1799 ची. त्या अफूनं चीनमध्ये काय केलं आणि 1839 मध्ये युद्ध का पेटलं, हा स्वतंत्र विषय आहे. पण दार बंद होतं म्हणून तोफेनं उघडावं लागलं, ही मांडणी सगळ्यात जास्त कुणाच्या सोयीची होती ते त्यातून कळतं.

तुमचा तिसरा प्रश्न, ठरवायचं कसं. मी प्रत्येक मोठ्या विधानाला दोन तारखा विचारते: हुकमाची तारीख आणि मालाची तारीख. त्या जुळल्या तर हुकूम चालत होता. नाही जुळल्या तर मधे कुणीतरी पोट भरत होतं, आणि त्या माणसाचा शोध घ्यायचा. मग बघते की विधान करणारा कुठे उभा होता. मिंग काळाच्या बहुतेक नोंदी राजधानीत बसलेल्या अधिकाऱ्यांच्या आहेत. त्यांना फुजियानच्या खाडीत रात्री भरली जाणारी होडी दिसणार नाही, आणि दिसली तरी गुन्हा म्हणूनच दिसणार. झेंग हेची कीर्तीही सगळी त्या काळची नाही. 20व्या शतकाच्या सुरुवातीला, देश परकीयांपुढे नमलेला असताना, लियांग छिछाओसारख्या सुधारकांनी त्याला पुन्हा पुढे आणलं. त्यांना दाखवायचं होतं की आपणही समुद्र गाजवला होता. तो हेतू मला समजतो, त्याबद्दल आदरही आहे, पण ‘सफरी चालू राहिल्या असत्या तर’ ही हळहळ त्या काळातली आहे, 15व्या शतकातली नाही. आणि शेवटी, कुठे काय सापडत नाही हेही मोजायचं. व्हिएतनामी भांड्यांनी भरलेलं जहाज हा चिनी कायद्याचा पुरावा होऊ शकतो, तो असा.

आता गोवा. आपल्या किनाऱ्याच्या बाजूनं एक नुकसान नक्की झालं: 15व्या शतकाच्या मध्यानंतर चिनी जहाजं मलाक्का या मलय द्वीपकल्पावरच्या बंदराच्या पश्चिमेला यायची जवळपास बंद झाली. माल येत राहिला, पण मलाक्काला तो गुजराती, तमिळ आणि मलय व्यापारी उचलत. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का घेतलं ते याच गाठीसाठी. पण गोवा 1510 मध्ये गेला तो आदिलशाहीच्या हातून, तिमोजा या इथल्याच समुद्री सरदाराच्या मदतीनं, अरबी घोड्यांच्या व्यापारावर डोळा ठेवून. त्या लढाईची कारणं मांडवीच्या काठावरची आहेत. झेंग हेच्या आरमारानं कालिकतला किंवा कोचीला कधी किल्ला बांधला नव्हता, कायमची फौज ठेवली नव्हती. तसं आरमार आणखी ऐंशी वर्षं येत राहिलं असतं तरी ते आदिलशहाच्या बाजूनं लढलं असतं असं मानायला काही आधार नाही.

उलट बाजूनं पाहिलं तर उत्तर जास्त ठोस मिळतं. पोर्तुगीजांनी 1517 मध्ये तोमे पिरेस या औषधी जाणणाऱ्या माणसाला वकील म्हणून चीनला पाठवलं. मलाक्काचा सुलतान मिंग दरबाराचा मांडलिक समजला जाई. त्याची तक्रार बीजिंगला पोचली, वकिलात फसली आणि पिरेस कैदेत पडला, तो परतलाच नाही. 1521 आणि 1522 मध्ये ग्वांगदोंगच्या (कॅन्टन ज्या प्रांतात आहे त्याच्या) किनारी आरमारानं पोर्तुगीज जहाजांना दोनदा हरवून हाकललं. ज्या चीननं जहाजं मोडून टाकली म्हणतात, त्याच्याच किनाऱ्यावर ही गोष्ट घडली. 1557 च्या सुमारास पोर्तुगीजांना मकावमध्ये राहायला मिळालं ते चिनी अधिकाऱ्यांच्या मुभेनं. ते वर्षाला 500 ताएल (ताएल हे चिनी वजन) चांदी जमिनीचं भाडं भरत. मकाव गोव्याच्या अखत्यारीत होतं, गव्हर्नरही गोव्याहूनच नेमले जात, तरी तिथलं भाडं 1849 पर्यंत चुकलं नाही. अफूच्या युद्धात चीन हरल्यानंतर तिथल्या एका पोर्तुगीज गव्हर्नरनं ते भरायचं बंद केलं.